कुमुदताई आणि नववीचे पेपर

मार्चचा दुसरा आठवडा आला की आमच्या सोसायटीतले आवाज आपोआप खाली येतात. टीव्ही हळू होतात, कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येतात. गच्चीवर एका कोपऱ्यात साबुदाण्याच्या पापड्या वाळत असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुणाची तरी परीक्षा येरझाऱ्या घालत असते. डोंबिवलीचं ऊन या दिवसांत अजून अंगावर धावून येत नाही, पण दुपारी गॅलरीच्या लादीवर पाय ठेवला की कळतं, फार दिवस राहिले नाहीत. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तरी या दिवसांत माझा हात उगीचच लाल पेन शोधतो.

परवा शेजारची सानिका वही घेऊन आली. यंदा नववीला आहे. "काकू, त्या पाठात आई मरते ना, त्यावर पाच मार्कांचं येणारे म्हणे. मुद्दे द्या ना पटकन." मी चष्मा लावला आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने सुरू झाले. एक, आजारपणाचं वर्णन. दोन, मुलाची असहायता. तीन, आईचे अखेरचे शब्द. तिथे माझा आवाज अडकला. सानिकाला वाटलं ठसका लागला, तिने पळत जाऊन पाणी आणलं. पुढचे मुद्दे मी कसेबसे सांगितले. शेवटी 'हा प्रसंग हृदयस्पर्शी झाला आहे' हे वाक्य विसरू नकोस म्हटलं, त्याला अर्धा मार्क असतो. ती खूश होऊन गेली.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये कुमुदताई आमच्याकडे होत्या. त्या माझ्या नणंद, मोहनच्या मोठ्या बहीण. अकरा वर्षांनी मोठ्या. मोहन आठ वर्षांचा असताना दोघांची आई गेली, तेव्हा ताई नर्सिंगच्या ट्रेनिंगला होत्या. पुढे ठाण्यात नोकरी लागली, क्वार्टर मिळाली, तिथे त्यांनी भावाला वाढवलं, शिकवलं, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून चिकटवलं आणि माझ्यासारखी बायको शोधून दिली. हे सगळं त्या एका दमात सांगायच्या, आणि बायकोवर आल्या की मुद्दाम थांबून माझ्याकडे बघायच्या. स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं, असं म्हणायच्या. लाइटचं बिल भरायचं राहून गेलं म्हणावं, तितक्या सहज.

त्या वर्षी जानेवारीत त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरांनी ते मोहनला आणि मला केबिनबाहेर घेऊन सांगितलं. औषधांनी महिने थोडे वाढतील, आजार जाणार नाही. मोहनच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "ताईला यातलं काही कळता कामा नये." मी मान डोलावली. आमच्या घरात रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते. जगात दुःख आहे, हे आम्हाला शाळेत नाव घालायच्या आधीपासून पाठ असतं. पण तेच दुःख आमच्या दिवाणावर येऊन झोपलं, तेव्हा त्याचं नाव घ्यायची आमच्यात हिंमत नव्हती.

आता जरा विचार करा. जिने तेहतीस वर्षं वॉर्डात काढली, तिच्यापासून आम्ही तिचाच आजार लपवत होतो. मोहनने फाइलमधला बायोप्सीचा रिपोर्ट काढून माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला. केमोला तो 'ताकदीची सलाईन' म्हणायचा. "गाठ साधीच आहे ताई. फक्त सूज उतरायला दोन-चार सलाईन लावू म्हणालेत डॉक्टर." ताईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "बरं बाबा, लावू दे." तिथे गेल्यावर सुई टोचायला आलेल्या मुलीला त्यांनी स्वतःच शीर दाखवली. "इथे घे गं, ही पळत नाही."

आम्ही किती हुशार, असं आम्हाला वाटायचं. घरी कुणी भेटायला येणार असलं की आधी फोनवर पढवून ठेवायचं, काविळीचंच बोला म्हणून. 'कॅन्सर' हा शब्द टीव्हीवरच्या जाहिरातीत आला तरी मोहन रिमोट शोधायला धावायचा. सलाईननंतर तिसऱ्या दिवशी ताई बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडून उलट्या करायच्या. दाराबाहेर मोहन. "काय झालं गं ताई?" आतून आवाज, "काही नाही रे, पातळ खळबळतेय." बाहेर आल्या की भिंत धरत दिवाणापर्यंत यायच्या आणि त्याला म्हणायच्या, "ताकद वाटते हं सलाईनने." तो हसायचा. मला तेव्हा दोघांचाही राग यायचा, आणि त्यांच्याइतकाच माझाही.

मी मराठीची बाई, म्हणून त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. वाचनालयातून पुस्तकं आणताना मी आधी उभ्या उभ्या शेवटची पानं चाळायचे. कुणी मरत असेल तर पुस्तक परत कपाटात. मराठी कथा-कादंबऱ्यांत न मरणारी माणसं शोधणं किती अवघड आहे, हे मला त्या दिवसांत कळलं. सरतेशेवटी मी फक्त विनोदी पुस्तकं आणायला लागले. पंधरा दिवस ताईंनी ऐकून घेतलं. मग एका दुपारी म्हणाल्या, "रेखा, रोज विनोदी वाचतेयस. इतकं वाईट आहे का माझं?" मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकायच्या निमित्ताने उठले.

नववीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर घरी आले ते त्याच आठवड्यात. माझी शाळा ठाण्यात होती. दोऱ्याने बांधलेले दोन गठ्ठे, त्यांना येणारा तो शाई, घाम आणि डब्यातल्या लोणच्याचा मिळून झालेला वास. मी दिवाणाशेजारी पाट घेऊन बसायचे, ताई कुशीवर वळून बघत राहायच्या. समोर वाटीत ताडगोळे असायचे. त्यांच्या पोटात तेव्हा तेवढंच राहायचं. वरची पिवळट साल मी नखाने काढायचे आणि तो गार, पाणीदार गर त्या जिभेवर बराच वेळ धरून ठेवायच्या. "विनोदी नको," त्या म्हणाल्या, "पोरांनी काय लिहिलंय ते वाच. नावं नको सांगूस, नुसतं वाच."

पाचव्या प्रश्नात आईच्या आजारपणाचा आणि मृत्यूचा प्रसंग होता. मी टाळायला बघत होते, त्यांनी टाळू दिलं नाही. एकामागून एक तीच उत्तरं आली. आई क्षीण झाली होती. तिच्या चेहऱ्यावर अलौकिक शांतता होती. तिने मुलाचा हात हाती घेऊन चार वाक्यांत आयुष्याचं सार सांगितलं आणि प्राण सोडला. हा प्रसंग हृदयस्पर्शी झाला आहे.

ताईंना हसू आवरेना. हसताना पोटावर हात दाबून धरला होता. "अगं, पुस्तकातली माणसं मरताना एवढं बोलतात कशी? आमच्या वॉर्डात कुणी नाही बोललं बाई असं. एक मास्तर होते, ते जायच्या आधी तासभर विचारत होते, घरचं दूध कुणी तापवलं का. एका म्हातारीला चप्पल कुठे काढली ते आठवत नव्हतं. आणि यांची पाठ कधी सोलवटत नाही का गं झोपून झोपून? चादरी कोण बदलतं यांच्या?"

आयुष्यभर मी मरण शिकवलं होतं. फळ्यावर 'करुणरस' लिहिलं होतं, आवाज कुठे खाली न्यायचा आणि कुठे थांबायचं हे मला ठाऊक होतं. एखाद्या वर्षी पुढच्या बाकावरची मुलगी रडली की मला तो तास साधला असं वाटायचं. पण खऱ्या आजाऱ्याला कुशीवर वळवायचं तर कोणता हात कुठे घालायचा, ते मला येत नव्हतं. साहित्यातलं आजारपण फार स्वच्छ असतं. त्याला वास नसतो. मात्र एक गोष्ट मला त्या दुपारी सुचली आणि अजूनही खरी वाटते. लिहिणारे मरणाऱ्याला बोलायला लावतात, कारण घरच्यांनी त्याला बोलू दिलेलं नसतं. जे आपण कुणाचं ऐकून घेतलं नाही, ते मग पुस्तकात ऐकायला जातो. आमचंच बघा ना. आमच्या घरात एक बाई मरत होती आणि आम्ही तिला साध्या सुजेच्या गोष्टी सांगत होतो.

दुसऱ्या गठ्ठ्यात एक पेपर निघाला. कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या मुलीचा होता. वर्गात ती फारशी बोलत नसे. तिने पाठातल्या आईचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी वाचायला लागले आणि थांबवेना. तिने लिहिलं होतं, 'पाठातली आई मरताना बोलते. माझा आजा बोलला नाही. त्याला काय झालंय ते बाबांनी त्याला सांगितलं नव्हतं. तो रोज विचारायचा, मना खाडीवर कवा नेशील. बाबा म्हणायचे उद्या. आजाने जाळं सुकत टाकलं होतं, ते त्याला स्वतः गुंडाळून ठेवायचं होतं. आम्ही म्हणायचो तू बरा झाल्यावर गुंडाळ. तो गेल्यावर जाळं बाबांनी गुंडाळलं. बाबांना आजासारखं गुंडाळता येत नाही.'

ताईंनी ताडगोळ्यांची वाटी बाजूला सारली. मग विचारलं, "किती दिलेस?"

"पाचापैकी एक. पाठाबाहेरचं आहे ना ताई, मुद्दे नाहीत."

"आणि ते अलौकिक शांततावाले?"

"त्यांना चार."

"वा गं बाई," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनीच पुढे बोलल्या, "त्या म्हाताऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. त्याचं जाळं होतं ते."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायलाही मी वाकले नाही. "ताई," मी म्हटलं, "तुम्हाला माहिती आहे ना?"

"डोळे पिवळे झाले त्या दिवसापासून. आरसा आहे माझ्याकडे."

"मग बोलला का नाहीत?"

"मोहनसाठी," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतंय तो मला सांभाळतोय. सांभाळू दे की. पन्नास वर्षं मीच सांभाळलं त्याला. मला कळलंय हे त्याला कळलं ना, तर तो कोसळेल गं. म्हणून घेतेय त्या सलाईन. दोन झाल्या. सोमवारी तिसरी. पण रेखा, आता नाही सोसत. तोंडात फोड आलेत, पाणी पिताना आग होते. मला ती तिसरी नको आहे, आणि नको म्हणायचं तर खरं बोलावं लागतं."

मी रडले. बाई म्हणून, भावजय म्हणून, कशी रडले ते सांगता येणार नाही. त्या हात लांबवून माझ्या डोक्यावर थोपटत राहिल्या. कोण आजारी होतं आणि कोण धीर देत होतं, बघणाऱ्याला कळलं नसतं. शांत झाल्यावर मी पेन उचललं आणि त्या एकाचे पाच केले. शाळेत त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

मोहनला मी संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगितलं. तो मेथी निवडत होता. "ताईंना सगळं माहिती आहे. पहिल्यापासून. तुझ्यासाठी गप्प होत्या. सोमवारची सलाईन त्यांना नको आहे." त्याने मान वर केली नाही. काड्या पानांत आणि पानं काड्यांत टाकत राहिला. मग म्हणाला, "मी मूर्खासारखा शालूत लपवलेला रिपोर्ट." आणि थोड्या वेळाने, "रेखा, नाही म्हटलं तर मीच तिला मारल्यासारखं नाही का होणार?" मी म्हटलं, "हो म्हटलंस तर तिला कसं होतं, ते नळाच्या आवाजाआड ऐकून ये." हे मी फार कठोर बोलले. अजून बोचतं. पण तो उठला, हात धुतले आणि बाहेर गेला.

दिवाणाच्या कडेला जाऊन बसला. साठीला आलेला माणूस, पाय लोंबकळत ठेवून बसला होता. मी दाराआडून ऐकत होते, ते कबूल करते.

"ताई, सोमवारी नाही जायचं आपण."

ताईंनी त्याच्याकडे मान वळवली. "मग कुठे जायचं?"

"तू सांग."

"खडवलीला," त्या म्हणाल्या. "नदीवर. आम्ही सगळ्या सिस्टर जायचो सुट्टी मिळाली की. पाण्यात पाय सोडून बसू."

मग मोहन रडला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. ताई म्हणत होत्या, "अरे, अरे, बस झालं. आता मला सरळ बोलता येईल तुझ्याशी. किती दिवस झाले मोहन, किती दिवस मी तुझ्याशी खोटंच बोलतेय."

सोमवारी सकाळी गाडी करून आम्ही खडवलीला गेलो. नदीत पाणी गुडघाभर होतं, तळाचे दगड दिसत होते. मोहनने प्लास्टिकची खुर्ची पाण्यात नेऊन ठेवली, ताईंना उचलून तीवर बसवलं आणि स्वतः पॅन्ट भिजवत शेजारी दगडावर बसला. पलीकडे बायका कपडे धूत होत्या. ताईंचे पाय सुजलेले होते, पाण्यात ते आणखी पांढरे दिसत होते. तासभर आम्ही बसलो असू. काही महत्त्वाचं बोलणं झालं नाही. ताईंनी मोहनला त्याच्या लहानपणी अंथरुणात मुतण्यावरून चिडवलं आणि परत येताना गाडीत त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या.

त्यानंतरचे पाच आठवडे, म्हटलं तर वाईट. वेदना वाढल्या, मॉर्फिन सुरू झालं, अन्न सुटलं. तरी माझ्या आठवणीत ते दिवस उजेडाचे आहेत. घरात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ताईंनी त्यांची सगळी कामं स्वतः उरकली. कुणाला कोणतं पातळ द्यायचं, घरातली दोन भांडी कुणाकडे जायची, आपल्यामागे पुण्यानुमोदनाला उगाच गर्दी जमवायची नाही, सगळं सांगितलं. आणि मग त्या मला शिकवायला लागल्या. मीही मुकाट्याने शिकले.

आजारी माणूस अंथरुणात असताना चादर कशी बदलायची. आधी अर्धी गुंडाळायची, माणसाला कुशीवर घ्यायचं, नवी अर्धी अंथरायची. "तसं ओढू नको, कातडी निघते. कड धर." पाठीला पावडर किती. तोंड आतून कापसाने कसं पुसायचं. मोहनलाही त्यांनी सोडलं नाही. लेथवर काम केलेले त्याचे जाड हात कापूस फार जोरात पिळायचे. "अरे, लोखंड नाही ते," त्या म्हणायच्या.

एका दुपारी त्यांनी मला शेवटचंही शिकवलं. मोहन औषधं आणायला खाली गेला होता. "हे त्याला नाही जमायचं, तू कर," म्हणाल्या. पापण्या ओल्या कापसाने मिटून थोडा वेळ धरून ठेवायच्या. कवळी लगेच बसवायची, नंतर बसत नाही आणि चेहरा ओळखू येत नाही. हनुवटीखालून पट्टी बांधायची. हातपाय तासाभरात सरळ करायचे. मी वही घेऊन लिहून घ्यायला लागले, तेव्हा हसल्या. "मुद्दे काढतेयस होय? मार्क कोण देणारे?" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. हे करताना बोलत राहायचं. आम्ही वॉर्डात बोलायचो. आजी, आता कुशीवर घेते हं. काका, तोंड पुसते हं. माणूस गेला म्हणून न सांगता त्याच्या अंगाला हात लावायचा नाही."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी सव्वातीनच्या सुमारास त्या गेल्या. काही बोलल्या नाहीत. सकाळपासून शुद्ध नव्हती, श्वास लांबत गेले आणि एकदा पुढचा आला नाही. मोहन त्यांचे पाय धरून बसला होता. खाली कुठेतरी बर्फवाल्याची घंटा वाजत होती.

मी कोमट पाणी घेतलं, कापूस घेतला. "ताई, डोळे मिटते हं," म्हटलं आणि मिटले. "आता कवळी बसवते." बसली. "तोंड पुसते." "पट्टी बांधते, घट्ट नाही बांधत." "हात सरळ करते हं ताई." मोहनने एका बाजूने धरलं, आम्ही त्यांना कुशीवर घेतलं, अर्धी चादर गुंडाळली, नवी पांढरी अंथरली. कुठेही ओढलं नाही. त्यांचे केस विंचरून छोटी वेणी घातली, पदर नीट केला. सगळं त्यांनी सांगितलेल्या क्रमाने झालं, काही राहिलं नाही.

मग मी एक पाऊल मागे झाले, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बरोबर झालं ना, ताई?"

आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले.